उंदराला नेमकं काय विचारलं होतं?

लालबागच्या एका ताईंनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. दर पावसाळ्यात 'डेंग्यूच्या लशीचा उंदरांवरचा प्रयोग यशस्वी' अशी बातमी वाचायला मिळते आणि पुढे काहीच कानावर येत नाही, मग या प्रयोगांना अर्थ किती? रक्ततपासणीत डॉक्टर जे 'मार्कर' बघतात त्यांचा उंदरांशी काही संबंध असतो का? आणि तिसरा प्रश्न घरातला: मुलगी एमएस्सीला आहे, प्रकल्पासाठी तिला उंदरांवर काम करावं लागणार आहे, ती घाबरली आहे, तिला काय सांगायचं?

ताई, रोगप्रतिकारशास्त्रात माझी तीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी परळ-शिवडी भागातच. तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येतं. उंदीर खोटं बोलत नाही, पण त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. बातमीत त्याचं उत्तर छापून येतं, त्याला विचारलेला प्रश्न मात्र गाळलेला असतो.

प्रश्न नीट विचारणं म्हणजे काय, हे बघायला लांब जायला नको. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्यांनी लस तयार केली, आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असते. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढच्या दहा वर्षांतली, गिनीपिगांची गोष्ट. प्लेग पिसवांमुळे पसरतो असं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्येच म्हटलं होतं, पण फार कुणी ते मानलं नाही. मग इथल्या प्लेग संशोधन आयोगानं प्लेग झालेल्या खोल्यांत गिनीपिग ठेवले. काही साध्या पिंजऱ्यांत, काही बारीक जाळीच्या पिंजऱ्यांत, ज्यातून पीसू आत शिरू शकत नाही. खोली तीच, हवा तीच, जमीन तीच. उघड्या पिंजऱ्यातल्या जनावरांना प्लेग झाला, जाळीतली वाचली. हवेतून की पिसवांतून, एवढा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर गिनीपिग देऊ शकत होता. प्लेगची लस माणसाला किती वर्षं पुरेल असं त्याच गिनीपिगाला विचारलं असतं, तर मिळालेलं उत्तर निरुपयोगी ठरलं असतं.

आता प्रयोगशाळेतला उंदीर. गटारातली घूस किंवा माळ्यावरचा उंदीर डोळ्यासमोर आणू नका. हा २० ते ३० ग्रॅमचा, मुठीत मावणारा प्राणी. मादी गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांत विते, पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की प्रयोगाला घेता येतो. संशोधनातले बरेचसे उंदीर सख्ख्या भावंडांच्या निदान वीस पिढ्यांच्या संकरातून आलेले असतात, त्यामुळे एका वंशातले सगळे जवळजवळ जुळ्यांसारखे. फायदा असा की दहा उंदरांना लस दिली, दहांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तर दिसणारा फरक बहुतेक लशीचाच असतो. तोटाही यातच आहे. एका वंशाचे शंभर उंदीर तपासले तरी वंशाच्या हिशेबात तुम्ही एकच 'माणूस' तपासलात. त्वचेवर व्रण करणारा लीशमेनिया मेजर नावाचा परजीवी आहे. काळ्या ब्लॅक-सिक्स वंशाच्या उंदराला तो टोचला तर जखम काही आठवड्यांत भरते, पांढऱ्या बाल्ब-सी वंशाच्या उंदराला मात्र तोच परजीवी संपवतो. एखाद्या लशीचा निकाल फक्त एकाच वंशावरचा असला, की मी पेन बाजूला ठेवून आधी दुसऱ्या वंशाचं काय झालं ते शोधतो.

डेंग्यूकडे येऊ. साध्या उंदराला डेंग्यूचा विषाणू टोचला तर त्याला आपल्यासारखा आजार होतच नाही. माणसाच्या पेशीत शिरल्यावर हा विषाणू धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा मोडतो. तिला इंटरफेरॉनची साखळी म्हणतात. त्या साखळीतलं स्टॅट-टू नावाचं प्रथिन तो नष्ट करतो. उंदराचं स्टॅट-टू थोडं वेगळं आहे, ते विषाणूला मोडता येत नाही. घंटा वाजते आणि विषाणू आवरला जातो. म्हणून डेंग्यूच्या संशोधनात मुद्दाम असे उंदीर वापरतात ज्यांच्यात इंटरफेरॉनचे संदेश घेणारी यंत्रणाच काढून टाकलेली असते. ते आजारी पडतात, मरतात, त्यामुळे लशीनं ते वाचले का हे बघता येतं. पण आपण लस तपासतो आहोत ती प्रतिकारशक्तीचा एक खांब काढलेल्या प्राण्यात, हे विसरून चालत नाही. 'उंदीर वाचले' याचा अर्थ इतकाच की या लशीनं तयार झालेली अँटीबॉडी जिवंत शरीरात विषाणूला अडवू शकते. हे कळणं महत्त्वाचं आहे. ते कळल्याशिवाय माणसाला सुई लावूच नये.

त्यापलीकडचं मात्र उंदराला विचारता येत नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्धची अर्धवट प्रतिकारशक्ती कधी कधी दुसऱ्या प्रकारचा आजार वाढवते. डेंगव्हॅक्सिया ही लस २०१५ च्या अखेरीपासून मान्य होत गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनंच जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नव्हता, त्यांना लस घेतल्यानंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. हे माणसांच्या मोठ्या चाचण्यांतून, वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यातूनच दिसलं. पिंजऱ्यात जन्मलेल्या आठ आठवड्यांच्या उंदराला आधीचा डेंग्यू, शेजारचा डास, चार पावसाळे यातलं काहीच माहीत नसतं. आपल्याकडे पॅनेशिया ही कंपनी आणि आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था यांच्या डेंग्यू लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, दहा हजारांहून अधिक लोकांचं लक्ष्य ठेवून. तुम्हाला पुढे काही ऐकू येत नाही त्याचं एक कारण ही संथ चाल आहे. दुसरं कारण कडू आहे: बहुतेक लशी उंदरांच्या पुढे जातच नाहीत, आणि त्यांची बातमी कुणी छापत नाही.

क्षयाबद्दल दोन शब्द, कारण मुंबईत हा विषय टाळता येत नाही. माणसाच्या फुप्फुसात क्षयाच्या गाठी होतात, त्यांच्या मध्यभागी पनीरासारखा मेलेला भाग तयार होतो आणि जंतू तिथे दबून राहतात. नेहमीच्या वंशांच्या उंदरात अशा गाठी नीट होत नाहीत. एमव्हीए-८५-ए नावाच्या लशीनं प्राण्यांत आणि माणसांतही टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, चांगल्या जाग्या केल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत २,७९७ बाळांवर तिची चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला, आणि बीसीजी या क्षयाच्या जुन्या लशीच्या वर तिनं दिलेलं संरक्षण नगण्य निघालं. पेशी जाग्या झाल्या होत्या, मोजता येत होत्या, पण बाळं वाचवायला तेवढं पुरलं नाही. म्हणजे लशीच्या यशाची खूण म्हणून आम्ही जे मोजत होतो, ती खूणच अपुरी होती. उंदरावर ठपका ठेवणं सोपं आहे. चूक खूण निवडणाऱ्यांची, म्हणजे आमच्या सगळ्या क्षेत्राची होती.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण 'मार्कर' म्हणजे खूणच.

यकृताच्या कर्करोगात डॉक्टर एएफपी तपासायला सांगतात. ही खूण उंदरातूनच आली. १९६३ मध्ये मॉस्कोत गारी अबेलेव यांच्या गटाला यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं, जे एरवी गर्भातल्या पिल्लात असतं आणि जन्मानंतर जवळजवळ नाहीसं होतं. कर्करोग झालेली यकृतपेशी जणू पुन्हा गर्भातली होते आणि ते प्रथिन सोडू लागते. वर्षभरातच तातारिनोव्ह यांना तेच प्रथिन माणसांत सापडलं. इथे उंदीर आणि माणूस एकाच वाटेनं जातात.

उलट उदाहरण सीआरपीचं. ताप आला, सूज आली की आपल्या रक्तात सीआरपी नावाचं प्रथिन शेकडो पटींनी वाढतं. उंदरात ते जेमतेम हलतं, त्याचं काम त्याच्याकडे दुसरीच प्रथिनं करतात. प्रोस्टेटची पीएसए ही खूण तर उंदरात नाहीच, त्याच्याकडे त्या प्रथिनाचं जनुकच नाही. म्हणून 'उंदरात नवा मार्कर सापडला' असं वाचलं की आधी बघायचं: हे प्रथिन माणसात आहे का, आणि असेल तर तेच काम करतं का? ही दोन उत्तरं बातमीत नसतील तर ती बातमी अजून तुमच्या कामाची नाही.

पण तुमच्या घराशी उंदराचा सगळ्यात जवळचा संबंध वेगळाच आहे. पावसाळ्यात ताप आला की कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये डेंग्यूची एनएस-वन पट्टी लावतात. पट्टीवर रक्ताचा थेंब आणि द्रवाचे दोन-तीन थेंब टाकले की गुलाबी-लाल रंग पट्टीवरून वर सरकत जातो. तो रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो आणि त्या कणांना चिकटलेली अँटीबॉडी बहुतेक पट्ट्यांत उंदराची असते. रक्तात डेंग्यूचं एनएस-वन प्रथिन असेल तर ते कण 'टी' रेषेवर अडकतात. उरलेले पुढे जाऊन 'सी' रेषेवर अडकतात, कारण तिथे उंदराची अँटीबॉडी पकडणारी दुसरी अँटीबॉडी लावलेली असते. 'सी' रेष उमटली नाही तर पट्टी बाद, असं टेक्निशियन सांगतो ते याचसाठी. गरोदरपणाच्या किटाचंही तत्त्व हेच. या अँटीबॉडी कारखान्यात पेशींपासून बनतात, पण त्या पेशींचा वंश १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी शोधलेल्या पद्धतीनं सुरू होतो: लस टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतली पेशी आणि न मरणारी कर्करोगाची पेशी यांचा मिलाफ.

याचा एक धोकाही सांगून ठेवतो, कारण तो मी डॉक्टरांनाही वारंवार सांगत आलो. काही थोड्या माणसांच्या रक्तात उंदराच्या अँटीबॉडीला धरणाऱ्या अँटीबॉडी असतात. तपासणीत एक अँटीबॉडी खूण पकडायला आणि दुसरी ती दाखवायला असते. या माणसांच्या रक्तात त्या दोघींना जोडणारा पूल आधीच तयार असतो, त्यामुळे खूण नसतानाही निकाल 'आहे' येतो. अमेरिकेत नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस एचसीजीच्या (हे गरोदरपणातलं संप्रेरक, पण काही कर्करोगांतही वाढतं) अशा खोट्या निकालांमुळे काही स्त्रियांना नसलेल्या कर्करोगासाठी केमोथेरपी दिली गेल्याचं उघड झालं. तोड साधी होती: लघवी तपासायची. खरं एचसीजी लघवीत उतरतं, मोठ्या आकाराच्या अँटीबॉडी उतरत नाहीत. रुग्णाची तब्येत आणि आकडा यांचा मेळच बसत नसेल, तर दुसऱ्या पद्धतीनं तपासून घ्या, असा आग्रह धरायला अजिबात संकोच करू नका.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही उंदरांतल्या एका आजारासाठी रक्तातली खूण शोधत होतो. आजारी गटात एक प्रथिन स्पष्ट वाढलेलं दिसलं. रक्तातलं प्रथिन रंगावरून मोजणाऱ्या एलायझा चाचणीच्या प्लेटवर त्या ओळीतले खळगे गडद पिवळे आणि शेजारची ओळ जवळजवळ पाण्यासारखी, असा तो निकाल होता. आम्ही तीन महिने त्यावर लिहीत होतो. मग अॅनिमल हाऊस सांभाळणाऱ्या मामांनी सहज सांगितलं की जुलैमध्ये खोलीच्या एका बाजूचा एसी दहा दिवस बंद होता, त्या बाजूच्या पिंजऱ्यांतला भुसा दमट होत होता, अमोनियाचा वास येत होता. आजारी गटाचे सगळे पिंजरे त्याच बाजूच्या रॅकवर होते. पिंजरे कुठे ठेवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं होतं. सोयीसाठी मी गट वेगळे ठेवले होते. पुन्हा केलं, दोन्ही गटांचे पिंजरे मिसळून ठेवले, रक्त काढणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळू दिलं नाही. फरक नाहीसा झाला. ती खूण आजाराची नव्हती, ओल्या भुशाची होती. त्या पहिल्या फेरीतले चाळीस उंदीर माझ्या निष्काळजीपणामुळे वाया गेले, आणि हे मला अजूनही लागतं.

अशा गोष्टी छोट्या वाटतात, पण उंदरावरच्या निकालांचं बरंच खरंखोटं त्यांत ठरतं. २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की नुसता पुरुषाचा वास आला तरी उंदरावर ताण येतो आणि त्याला वेदना कमी जाणवते. आपल्याला सुखाची वाटणारी २२ अंशांची खोली उंदराला थंड असते, त्याला तिशीच्या आसपास बरं वाटतं. आणि प्रयोगशाळेतला उंदीर इतका जंतुमुक्त ठेवलेला असतो की त्याची प्रतिकारशक्ती नवजात बाळासारखी भोळी राहते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं पाळीव प्राण्यांच्या दुकानातले उंदीर प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पिंजऱ्यात सोडले. त्या संसर्गातून जे तगले, त्यांच्या प्रतिकारपेशी मोठ्या माणसासारख्या दिसू लागल्या. लालबागच्या चाळीत वाढलेल्या पोरानं पाच वर्षांत किती जंतू बघितलेले असतात याचा विचार करा, म्हणजे फरक लक्षात येईल.

मग एवढं सगळं असून उंदीर कशाला? कारण काही प्रश्नांना आजही त्याच्याइतकं चांगलं उत्तर दुसरीकडे मिळत नाही. लशीतला घटक शरीराला दिसतो का, एक डोस पुरतो की तीन आठवड्यांनी दुसरा लागतो, लशीचा परिणाम वाढवणारं सोबतचं पूरक द्रव्य किती असावं, टोचल्यावर कुठल्या अवयवावर घाव होतो, हे काचेच्या बशीतल्या पेशी अजून नीट सांगू शकत नाहीत, कारण त्यात लसिकाग्रंथी, प्लीहा, रक्त, यकृत एकत्र नसतात. आणि उत्पादनाच्या बाजूलाही तो आहे. सर्पदंशावरच्या औषधाच्या बाटलीवर एक मिलिलीटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं असं लिहिलेलं असतं, तो आकडा उंदरांवरच तपासून येतो. बाळांच्या ट्रिपलमधल्या डांग्या खोकल्याच्या घटकाची ताकदही कित्येक दशकं उंदरांवरच जोखली गेली. ही चाचणी उंदरांना फार त्रासाची आहे आणि तिला पर्याय लवकर यावा असं मला मनापासून वाटतं. कायदाही हळूहळू त्या दिशेनं सरकतो आहे. नव्या औषधांच्या २०१९ च्या नियमांत मार्च २०२३ मध्ये बदल होऊन प्राण्यांशिवायच्या पद्धतींनाही जागा मिळाली.

आता तुमची मुलगी. तिची भीती हा दोष नाही. भीती नसलेल्या विद्यार्थ्याच्या हातात उंदीर द्यायला मीच घाबरतो. तिला खरं सांगा: प्रयोगाच्या शेवटी बहुतेक उंदरांना मारलं जातं, वेदना न होता मारण्याच्या ठरलेल्या पद्धतींनी. हे लपवू नये. ज्याला हे मनाला अजिबात पटत नाही, त्यानं पेशींवर, रुग्णांच्या नमुन्यांवर किंवा संगणकावर काम मागावं. तो पळपुटेपणा नव्हे, चांगले प्रकल्प तिथेही असतात.

ती करणारच असेल तर पहिल्याच दिवशी तिनं मार्गदर्शकांकडे एथिक्स कमिटीची मंजुरी बघायला मागावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक संस्थेला ती लागते. अर्ज 'फॉर्म बी'मध्ये असतो, त्यात किती उंदीर, कुठल्या वंशाचे, का, आणि कमी का चालणार नाहीत हे लिहावं लागतं. तो अर्ज तिनं शब्द न शब्द वाचावा. आकडा गणितानं काढलाय की नुसताच दहा-दहा लिहिलाय, ते विचारावं. उंदीर किती आजारी पडला की प्रयोग थांबवायचा, हेही तिथे लिहिलेलं असलं पाहिजे. वजन वीस टक्के उतरलं की थांबा, ही बऱ्याच ठिकाणची रेघ असते. ही रेघच लिहिलेली नसेल तर तिनं पिंजऱ्याला हात लावू नये, आणि तुम्ही तिच्या पाठीशी उभ्या राहा.

शेपटीनं उंदीर उचलायला तिला कुणी शिकवलं तर तिनं नम्रपणे नको म्हणावं. पिंजऱ्यात पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची नळी ठेवायची, उंदीर आपणहून तिच्यात शिरतो, मग नळीच उचलायची, किंवा दोन्ही तळहातांची ओंजळ करायची. असा उचललेला उंदीर कमी घाबरतो, हे मोजून दाखवलेलं आहे, आणि न घाबरलेल्या उंदराचे आकडेही जास्त भरवशाचे असतात. परफ्यूम लावून जाऊ नये.

आणि पहिला आठवडा सुई हातात न घेता तिनं तिथल्या मामांबरोबर नुसतं फिरावं. पिंजऱ्यात टाकलेल्या कागदाच्या पट्ट्या निरोगी उंदीर रात्रीतून कुरतडून वाटीसारखं घरटं करतो. आजारी उंदराचे केस उभे राहतात, पाठ कमानीसारखी होते, डोळे अर्धे मिटतात, पण त्याच्याही आधी एक गोष्ट होते: सकाळी गेल्यावर कागद जसा टाकला होता तसाच पडलेला दिसतो. मामा दारातूनच ते ओळखतात. आठवड्याभरात तिलाही यायला लागेल.